दारं मोडणारा माणूस

चुकीच्या मलकापूरला उतरून माझा हा प्रवास सुरू झाला. राजापूरहून पहाटेची एसटी पकडली होती. अणुस्कुऱ्याच्या घाटात धुकं होतं. शेजारी एक नवी नवरी उलटीच्या भीतीने डोळे घट्ट मिटून बसली होती. सगळं रीतसर चाललं होतं. मी कंडक्टरला "मलकापूर" म्हटलं, त्याने तिकीट फाडलं, आणि घाट चढून गेल्यावर एका स्टँडवर मला सामानासकट खाली उतरवलं. माझी खोली ठरवलेली होती कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात. हे मलकापूर निघालं कोल्हापूरकडचं.

"आवं बाई, तिकीट मलकापूरचं मागितलं, मलकापूरला सोडलं. माजं काय चुकलं?" कंडक्टरने दारातूनच विचारलं.

"मला कऱ्हाडजवळचं हवं होतं!"

"मग तसं सांगायचं की. नाव एक असलं म्हंजी गाव बी एक व्हतं व्हय?"

घंटी वाजली आणि एसटी गेली. मी जागच्या जागी धुसफुसत उभी राहिले. पुढे वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) मिळालं. त्यात माझ्या मांडीवर एका अनोळखी आजीबाईंची कोंबडी बसली आणि दुपारी आम्ही तिघी कऱ्हाडात पोचलो. कंडक्टरचं ते वाक्य मी वहीत टिपून ठेवलं होतं, ते रागाने. पाच दिवसांनी त्याच वाक्यावर माझा सगळा प्रवास येऊन थांबणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी राजापूरची निवृत्त मराठी शिक्षिका. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या लाल केल्या. आता मला एकच नाद आहे, जिथे कुठे माणसांनी पाणी अडवलंय, वळवलंय, वाटून घेतलंय त्या जागा बघायच्या. आमच्या कोकणात आभाळ फाटल्यासारखं पडतं आणि सगळं समुद्राला जाऊन मिळतं. एप्रिलात आम्ही पुन्हा कळशी घेऊन विहिरीत वाकलेल्या. त्यामुळे पाणी धरून ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला कौतुक आहे आणि थोडा मत्सरही. भाचा म्हणतो, "मावशी, लोक महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातात आणि तू कालवे बघायला जातेस." जाते. माझे पाय, माझी एसटी.

कऱ्हाडच्या वरच्या अंगाला कृष्णेवर इंग्रजी अमलातला दगडी बंधारा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहिला. पाणी त्याच्यावरून एकसारखं, गुळगुळीत उतरत होतं. त्याच्या बगलेतून एक कालवा निघतो आणि साताऱ्याची हद्द ओलांडून सांगली जिल्ह्यात शिरतो. त्याला पंप लागत नाही की वीज लागत नाही. नुसत्या उतारावर, रमतगमत, उसाच्या आणि हळदीच्या रानांतून पाणी कोसच्या कोस चालत जातं. हा उतार ज्यांनी काढला त्यांच्या नजरेला मी बंधाऱ्यावर उभी राहून हात जोडले. तिथे कपडे धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या.

दुपारी कऱ्हाडात अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. वाढणाऱ्याने तर्री एवढी घातली की माझ्या कोकणी नाकाडोळ्यांतूनही कालवे सुरू झाले. मग गावाकडची एसटी धरली. या कालव्यावर पुढे एके ठिकाणी जुनं दगडी दार आहे आणि ते अजून चालतं, असं मला कऱ्हाडच्या एका निवृत्त ओव्हरसीयरनी पत्राने कळवलं होतं. त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथे एका माणसाचं नाव आधीच कागदावर भलतं चढलं होतं. आता गावाचं कशाला?

फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीत एक बाई भजी तळत होत्या. त्यांना विचारलं, "कालव्याचं जुनं दार कुठे आहे हो?"

"सरळ जावा. पाटाच्या कडंनं. तितं दस्तगीरचाचा असत्याल. कालच त्यांनी तिसरं दार मोडलं."

"मोडलं?"

"व्हय की. आज चौथं मोडत्याल." आणि त्यांनी शांतपणे पुढचा घाणा कढईत सोडला.

मी तशीच तरातरा चालत सुटले. दीडशे वर्षांच्या आसपासचं काम, आणि कोणी एक चाचा रोज त्यातलं एकेक दार मोडतोय, आणि गावाला त्याचं काही नाही! काय माणसं आहेत, म्हणत मी कालव्याच्या भरावावरून जात होते. उजवीकडे ऊस, डावीकडे काठोकाठ पाणी. माझा पारा प्रत्येक पावलागणिक चढत होता.

दार दिसलं आणि मी थांबले. वरून तरी काही मोडलेलं दिसत नव्हतं. कालव्याच्या बाजूला काळ्या घडीव दगडाची भक्कम भिंत, तिला चार कमानी. प्रत्येक कमानीच्या वर झडप उचलणारा लोखंडी आट्यांचा उभा दांडा. चार कमानींतून चार पाट फुटत होते, चार गावांकडे जाणारे. भिंतीवर, पाय सोडून, डोक्याला पांढरं टापर बांधलेला एक उंच म्हातारा तेलाच्या चिंधीने आटे पुसत होता.

हेच दस्तगीरचाचा. हे निवृत्त पाटकरी (ठरल्या वेळी ज्याच्या त्याच्या शेताला कालव्याचं पाणी सोडणारा माणूस). सरकारने त्यांना घरी बसवून बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या जागी दुसरं कोणी आलंच नाही. तेव्हा ते आपले येतात.

मी लांबून, कालवे बघायला आले आहे, म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. "कालवा बघाय? आमचा? बसा बसा. हितं बसा, दगुड गार हाय."

मग त्यांनी मला त्या दाराची जन्मकथा सांगितली. ती त्यांच्या घरात बापाकडून लेकाकडे आलेली. दगड डोंगराच्या खाणीत घडवले, इथे नाही. पाथरवटांनी तिथेच माप घेऊन जोडून बघितले, प्रत्येकावर खूण कोरली, मग सुटे करून बैलगाडीवर आणले. खुणा अजून आहेत. एका दगडावर मासा, एकावर चंद्रकोर, एकावर नुसत्या तीन रेघा. चुना घाणीत मळला. घाणीला बैल, बैलामागे माणूस, आणि चुन्यात गूळ. दोन दगड एकमेकांना लोखंडी चिमट्याने धरून ठेवले आणि चिमट्याच्या खाचेत वितळलेलं शिसं ओतलं. ते शिसं वितळवणारा भाता चाचांच्या खापरपणज्याचा होता.

"शिसं गार झालं की दगुड एक झाला. मग त्ये कुणाच्या बापाच्यानं सुटत न्हाई," ते म्हणाले. "झडपा सागाच्या. पाण्याखालीच असत्यात म्हणून टिकल्यात. वाळवी कुटनं लागणार?"

"आणि फिरवायचं चक्र?" आट्यांच्या डोक्यावर चौकोनी खुंटी होती, तिला बसणारं काहीच कुठे दिसत नव्हतं.

"त्ये घरात. पोत्यात गुंडाळून. हितं ठिवलं तर कुणीबी येऊन फिरवंल."

मग त्यांनी मला खरी गंमत दाखवली. ती पाण्याखाली होती, म्हणून हाताने हवेत रेघा ओढून दाखवली. चार दारांचे चार उंबरे एका पातळीत नाहीत. पहिल्या, जवळच्या गावाचा उंबरा सगळ्यात वर. त्याहून वीतभर खाली दुसरा, मग तिसरा, आणि चौथा, टेलच्या (कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाच्या) गावाचा, सगळ्यात खोल. म्हणजे कालव्यात पाणी कमी आलं तर ते आधी कुठे शिरणार? टेलच्या दारात. जवळच्या गावाला मिळणार पाणी चढल्यावर.

"जवळचा चोरून बी घेतो," चाचा म्हणाले. "टेलचा कुटनं घेणार? म्हणून बांधणाऱ्यानं दगडातच न्याय घातलाय. कुणाला इचारायचं काम न्हाई, भांडायचं काम न्हाई."

आम्ही शाळेत समतेवर निबंध लिहून घ्यायचो, प्रत्येक वर्षी तोच. तो इथे वीतवीतभर उंचीच्या फरकाने दगडात लिहिलेला होता.

एवढ्यात मला भिंतीच्या कडेला प्लास्टिकमध्ये घालून डकवलेला कागद दिसला. जवळ जाऊन वाचला. सदर बांधकामाचे चारही दरवाजे मोडलेले असून दुरुस्तीपलीकडे गेल्याने, पाणी सोडण्याची चालू पाळी संपून कालवा कोरडा होताच सदर बांधकाम पाडून त्या जागी नवीन काँक्रीटचे बांधकाम करण्यात येईल. खाली आणखी एक ओळ होती: सदर दरवाजे आपण स्वतः मोडल्याचे व जन्मभर मोडत आल्याचे, माजी पाटकरी दस्तगीर यांनी जबाबात कबूल केले आहे.

मी ते मोठ्याने वाचलं. चाचा मान डोलावत ऐकत होते.

"बरोबर लिवलंय," ते म्हणाले.

"बरोबर? तुम्ही मोडलीत ही दारं?"

"मग कुणी? मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई."

माझा तोल सुटला. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. इतकं प्रेमाने सांगता, खापरपणज्याच्या भात्याच्या गोष्टी सांगता, आणि स्वतःच मोडता? लाज कशी वाटत नाही? सत्तरी ओलांडलेल्या माणसावर मी वर्गात ओरडावं तशी ओरडले. ते आधी गोंधळले, मग दुखावले. शेवटी एवढंच म्हणाले, "बाई, तुमी उन्हातनं आलाय. घरी चला. चार घास खावा, मग भांडा."

घरी हसीनाचाची, त्यांच्या पत्नी. त्यांनी ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा जाडसर ठेचा) वाढला. मी फुगून बसले होते, पण भाकरी नाकारण्याइतकी फुगले नव्हते. चाचांनी घडलेलं सांगितलं. चाची ऐकत राहिल्या आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, त्या कोकणातल्या हायत! त्यांना काय कळायचं?" मग मला म्हणाल्या, "बाई, उठा. परड्यात चला."

घराच्या मागे कांद्याचे वाफे होते. पाटाचं पाणी एका वाफ्यात चाललं होतं. वाफा भरत आला तशी चाचींनी खोरं उचललं, दुसऱ्या वाफ्याच्या तोंडाची माती एका झटक्यात कापली आणि तीच माती पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी थापली. पाणी वळलं, दुसऱ्या वाफ्यात शिरलं.

"बघा. मोडलं दार."

"हे?"

"ह्येच. वाफ्याच्या त्वांडाला दार म्हणायचं. ह्या दारातनं पाणी त्या दारात फिरवलं, म्हंजी दारं मोडली. अख्खं रान मोडतंय. माजा बाप मोडायचा, सासरा मोडायचा."

आणि रानातला हा शब्द चाचांनी आयुष्यभर कालव्यावरही वापरला होता. तिसरं दार मोडलं, म्हणजे तिसऱ्या गावाला पाणी सोडलं. सर्वेक्षणाला आलेल्या शहरातल्या तरुण साहेबांनी विचारलं, दारं कशी आहेत? चाचा अभिमानाने म्हणाले, लय ब्येस, परवाच दोन मोडली. कोणी मोडली? मीच. किती दिवस मोडताय? उभा जन्म. त्या दिवशी कालवा तुडुंब होता, झडपा पाण्याखाली. वर आट्यांवर चक्र नव्हतं, ते चाचांच्या घरी पोत्यात सुखरूप होतं. साहेबांना वाटलं, ते पण याने मोडलं. त्यांनी शुद्ध मराठीत जबाब लिहिला, वाचून दाखवला, आणि चाचांनी समाधानाने खाली सही केली. त्यातला शब्दन् शब्द त्यांना खरा वाटत होता.

'ध'चा 'मा' करायला निदान कुणाला तरी लेखणी चालवावी लागली होती. इथे एक अक्षरही बदललं नव्हतं. जसंच्या तसं लिहिलं, आणि जसंच्या तसं चुकलं.

मी साहेबांना मनातल्या मनात लाखोली वाहणार होते, तोच मला एक मुलगी आठवली. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांची बदली होऊन साताऱ्याकडून आमच्या शाळेत आलेली, दोन घट्ट वेण्या घालणारी. 'माझे आजोबा' या निबंधात तिने लिहिलं होतं, 'माझे आजोबा रोज पहाटे उठून दारे मोडायला जातात.' मी त्या वाक्याला लाल रेघ मारली होती, गुण कापले होते आणि समासात लिहिलं होतं: 'थोरांबद्दल असे लिहू नये.' वर्गात वाचूनही दाखवलं. वर्ग खदखदून हसला. तिने एकदाही सांगितलं नाही की बाई, तुमचंच चुकलंय. बाईंचं चुकतं हे सांगायची रीत नव्हती. मी ज्या साहेबांवर चिडले होते, त्यांच्याआधी मी होते. आमच्यासारख्यांनीच त्यांना मराठी शिकवलं.

"उद्या पाटबंधारे कचेरीत जाऊ," मी म्हटलं. पण उद्या शनिवार, कचेरी बंद. पाळी त्याच दिवशी संपली होती, पाणी उतरू लागलं होतं.

शनिवारी आणि रविवारी मी रोज मलकापूरहून तिथे गेले. खरंतर सांगली बघायची ठरवली होती, गणपतीचं देऊळ, हळदीचा बाजार. त्यातलं मी एवढंच केलं की रविवारी टेलच्या गावापर्यंत जाऊन आले. ते सांगलीच्या हद्दीत, कालवा जिथे अगदी हातभर रुंद होऊन संपतो तिथे. द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईंनी मला भडंग (मसाला लावून परतलेले चुरमुरे) ओंजळीत दिले. मी विचारलं, पाणी येतं का? त्या म्हणाल्या, "येतं की. थोडं असलं तर आमालाच पयलं येतं. का ते ठावं न्हाई. वरल्या गावाचं लोक चांगलं असत्याल." मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

परत आले तेव्हा पाणी उंबऱ्यांखाली गेलं होतं आणि दार पहिल्यांदा मला पुरतं दिसलं. चार पायऱ्यांसारखे चार उंबरे, मधोमध झिजून गुळगुळीत झालेले. सागाच्या झडपा काळ्याभोर, ठोकल्यावर खणखण वाजणाऱ्या. चाचांनी घरून चक्र आणलं, बसवलं आणि एका हाताने फिरवलं. झडप आवाज न करता वर गेली. मी मोबाइलवर तीस-चाळीस फोटो काढले. पलीकडे रस्त्याला पिवळं मशीन आधीच येऊन उभं होतं. त्याच्या शेजारी नव्या कामाचा फलक होता. त्यावरच्या आकृतीत चारही उंबरे एका सरळ रेषेत आखलेले.

सोमवारी कचेरीत गेलो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. साहेब खरोखरच तरुण होते, सभ्य होते, आम्हाला खुर्च्या दिल्या, आणि मला मॅडम म्हणाले. माझं सगळं बोलणं ऐकून आधी त्यांना हसू आलं, मग ते ओसरलं. त्यांनी शिपायाला हाक मारली.

"दारं मोडणे म्हणजे काय हो?"

"पाणी फिरवणं, साहेब."

"हे तुम्हाला माहीत होतं? जबाब टाइप झाला तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई," शिपाई म्हणाला.

साहेबांनी फोटो बघितले. एकेक बोटाने मोठा करून, सावकाश. "सुंदर आहे हो," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

"चाचांचं नाव मी काढतो. आजच शुद्धिपत्रक काढतो. माझी चूक आहे," ते म्हणाले.

"आणि दार?"

त्यांनी फाइल पुढे ओढली. "दार सुस्थितीत आहे असं लिहिलं तर मंजूर झालेलं कामच चुकीचं ठरतं, मॅडम. माणसाचं नाव वगळता येतं. मंजूर काम वगळता येत नाही."

"मग ठरू दे की चुकीचं! चुकीचंच आहे ते!" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण दोन डोकी दारातून डोकावली. "आणि नव्या दारांचे उंबरे एका रेषेत का? टेलच्या गावाने काय करायचं?"

"प्रमाण आराखड्यात ते तसेच असतात."

प्रमाण आराखडा! प्रमाण भाषा! मी चौतीस वर्षं तोच शब्द तोंडात घोळवला. जे सगळ्यांना सारखं ते प्रमाण, मग कुणाचा उंबरा वर का आणि कुणाचा खाली का, हे विचारायची गरजच उरत नाही. माझ्या रागाला त्या क्षणी जागा पुरेना. साहेबांवर रागवू, का आराखड्यावर, का त्या लाल रेघेवर?

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले चाचा उठून उभे राहिले. हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"साहेब, माजं नाव काढू नगा. ऱ्हाऊ द्या तितंच. म्या मोडलं म्हणा, चोरलं म्हणा, काय वाटंल त्ये म्हणा, मी सई करतो. पर दाराला मोडकं लिवू नगा. त्ये खोटं हाय."

साहेबांनी फाइल मिटली. "मी वर कळवतो," असं ते शेवटी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते असं मला अजूनही वाटतं. त्यांनी वर कळवलंही असेल. वर कुणाला, ते मात्र त्यांनाही ठाऊक नसावं.

मंगळवारी मी परत निघाले. कऱ्हाडच्या स्टँडवर चाचा सोडायला आले होते, पिशवीत कांदे घेऊन. त्याच वाफ्यातले. एसटी हलली तेव्हा ते म्हणाले, "काय झालं त्ये कळवतो." या खेपेला मी कोल्हापूरकडच्या मलकापूरला उतरले नाही, पण एसटी तिथे थांबली तेव्हा खिडकीतून बाहेर बघून मला त्या कंडक्टरची क्षमा मागावीशी वाटली. नाव एक असलं म्हणून गाव एक होत नाही, हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते फक्त रागाने टिपून घेतलं.

घरी आल्यावर मी शाळेत जाऊन जुनी हजेरीपुस्तकं मागितली. त्या मुलीचं नाव सापडेना. गुण परत करायचे तर कुणाला करणार? मी काय शोधतेय ते शाळेतल्या नव्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण बाई, परीक्षेत तर आजही ते चूकच धरणार." त्यांच्यावर मी ओरडले नाही. तो वाक्प्रचार मी फळ्यावर लिहून दाखवला, आणि त्यांनी तो वहीत उतरवून घेतला का, ते बघायला थांबले नाही.

गुरुवारी दुपारी फोन आला. पलीकडे यंत्राची घरघर होती.

"बाई, मी दस्तगीर. शुद्धिपत्रक घरी आलं. माजं नाव निघालं."

"आणि दार?"

ते बोलले, एकेक शब्द सुटा करून, माझ्या वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं.

"दरवाजा तोडला. आज सकाळी. चारी दरवाजे तोडण्यात आले. शिसं सुटंना, म्हणून दगुड फोडावा लागला." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मोडलं म्हटलं असतं तर तुमचा पुन्ना घोटाळा झाला असता. म्हणून तुमच्या भाषेत सांगितलं. आता बरोबर बोललो न्हवं?"

वाक्य बिनचूक होतं. चौतीस वर्षं अशा वाक्यांना मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्या दिवशी मात्र मी फोन कानाशी धरून ओरडले, "नाही चाचा, चूक बोललात तुम्ही, साफ चूक."